सहा पाखी आणि एक काचेचं कौल

सुतारकाकांनी माझा ए-थ्री कागद ओटीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर एकेक सुपारी ठेवली आणि मागच्या पडवीच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूची, रेघ पेन्सिलीनं लांबवली. मग पिशवीतून गुण्या, म्हणजे काटकोनी मापपट्टी, काढून कागदावर टेकवला. आडव्या भुजेवर सहा इंच, उभ्या भुजेवर अडीच. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत.

"बाय, हे पाच झाले," शेवटी ते म्हणाले. "फुटाला पाच इंच. आणि ते पण पश्चिमेच्या पडवीला?"

मी हो म्हटलं. घरांचे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरात मी तोच आकडा भरला होता, बाराला पाच. तिथे छपराचा चढ अंशांत देता येतो, नाहीतर आडव्या बारा इंचांना उभे किती इंच असा देता येतो. मी इतकी वर्षं तो दुसरा पर्याय वापरते, पण आमचे सुतार "फुटाला सात", "फुटाला सहा" म्हणतात ते अगदी हेच आहे, हे त्या दिवशी गुण्या कागदावर बसलेला बघून पहिल्यांदा नीट लक्षात आलं. त्यानंतर छपराविषयी मी काकांशी अंशांत कधी बोलले नाही.

मी दापोलीत घरांचे आराखडे काढते. सिव्हिलचा डिप्लोमा, बारा वर्षांचं काम. बहुतेक कामं स्लॅबची असतात, आणि स्लॅबच्या घरात छपराकडे फारसं बघावंच लागत नाही. हे घर मात्र आंजर्ल्याचं, माझ्या मामाचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्यानं दापोली-मंडणगडच्या वाड्या आडव्या केल्या. मामाच्या मागच्या पडवीवर दोन पोफळी पडल्या, पश्चिमेची कौलं गेली, वासे मोडले. त्यानंतर बराच काळ निळे पत्रे होते. पत्र्यांखाली मे महिन्यात बसवत नसे आणि जुलैत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. मामानं पैसे जमवले आणि एका रविवारी मला फोन केला, "अगो, परत कौलंच घालायची. तू काढून दे."

घर साधं आहे. मधलं घर पूर्व-पश्चिम वीस फूट रुंद, जांभ्याच्या चिऱ्याचं, आढं, म्हणजे छपराचा सगळ्यात वरचा आडवा माथा, दक्षिणोत्तर. पूर्वेला सात फुटांची पुढची पडवी, पश्चिमेला सात फुटांची मागची. मधल्या घरावर चौपाखी छप्पर, दोन्ही पडव्यांवर एकेक पाखं. सहा पाखी झाली. हातानं काढायचं तर अर्ध्या दिवसाचं काम. मी संगणकावर काढायला घेतलं ते सगळ्या बाजूंनी मामीला दाखवता यावं म्हणून, आणि वासे (उतरती लाकडं) आणि रीपा (त्यांवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर कौलं बसतात) यांचं माप अचूक निघावं म्हणून.

भिंती काढून झाल्या की सॉफ्टवेअर विचारतं, छप्पर आपोआप बांधू का? मी हो म्हटलं. त्यानं पडव्यांसकट सगळं चौतीस फुटांचं एकच घर धरलं, सगळ्या भिंती दहा फुटांच्या धरल्या आणि वर एकच चौपाखी टोपी घातली. सतरा फुटांवर आढं, फुटाला सात, म्हणजे ११९ इंच. भिंतीवर आणखी नऊ फूट अकरा इंच. आढं जवळजवळ वीस फुटांवर गेलं. मामाच्या जुन्या घराचं आढं मी मोजलं होतं, ते सोळा फुटांनाही दोन इंच कमी होतं. पडवी ही वस्तूच त्या सॉफ्टवेअरला ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीनं भिंत म्हणजे भिंत. पण पडवी मधल्या घराच्या खांद्याखाली बसते, तिच्या बाहेरच्या बाजूला भिंत नसते, खांब असतात, आणि ती मुद्दाम ठेंगणी ठेवलेली असते. पाऊस आत येऊ नये म्हणून.

म्हणून आपोआप बांधलेलं छप्पर पुसून एकेक पाखं हातानं घालायचं. इथे ज्यांना हे काम करायचं असेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते, कारण मला कोणी सांगितलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते.

प्रत्येक पाख्याला तीन गोष्टी असतात. एक बेसलाइन, म्हणजे पाखं भिंतीच्या डोक्यावर जिथे टेकतं ती रेघ. दुसरा चढ. तिसरी माथ्याची उंची. यातल्या कुठल्याही दोन धरल्या की तिसरी आपोआप ठरते. म्हणून पाख्यावर डबल क्लिक करून जी खिडकी उघडते तिथे कुलपाची खूण असते: बदल करताना काय हलू द्यायचं नाही ते आधी सांगा. मी सुरुवातीला हे कुलूप लावायची नाही. आढ्याजवळची कड माउसनं धरून ओढायची आणि आढं जागेवर आलं की खूश व्हायची. नंतर बघावं तर चढ सातावरून सहा पूर्णांक काहीतरी झालेला, समोरच्या पाख्याचा सातच, आणि आढ्यावर बोटभर फट. संगणकाच्या पडद्यावर बोटभर फट दिसतसुद्धा नाही. जागेवर तिच्यातून जून ते सप्टेंबर पाणी येतं, आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

दुसरी गोष्ट, वळचण. पाखं भिंतीच्या बाहेर किती आलंय ते सॉफ्टवेअर आडवं मोजतं, जमिनीवर सावली पडावी तसं. सुतार वाशावरून तिरकं मोजतो. फुटाला सातच्या चढाला आडव्या एका फुटाला वासा जवळजवळ चौदा इंच लागतो. मी "वळचण दोन फूट" लिहून दिलं आणि सुतारानं वाशावर दोन फूट मोजले, तर वळचण सव्वातीन इंचांनी कमी पडते. आता मी नकाशावर दोन्ही मापं लिहिते, आणि तिरक्या मापाखाली "वाशावरून" असं स्पष्ट लिहिते.

तिसरी, जोडणी. दोन पाख्यांच्या कडा जुळवायला त्यात जोडण्याचं हत्यार आहे. आधी एका पाख्याची कड निवडायची, मग दुसऱ्याची, की दोन्ही पाखी एकमेकांना भेटतील तिथपर्यंत वाढतात किंवा कापली जातात. फार उपयोगाचं आहे. पण ते फक्त भेटवतं, ती भेट योग्य जागी आहे का ते बघत नाही. चौपाखी छपराच्या चारही बाजूंचा चढ सारखा असेल तर वरून बघताना कोनाच्या रेघा, म्हणजे शेजारची दोन पाखी जिथे भेटतात त्या, बरोबर ४५ अंशांत धावतात. त्या तशा दिसल्या नाहीत तर कुठेतरी चढ बिघडलाय, हे समजायचं. मी आता प्रत्येक वेळी वरून बघते आणि आधी कोन तपासते.

एवढं शिकून मी पडव्या लावायला घेतल्या. मधल्या घराच्या भिंतीवर, दहा फुटांवर, पडवीच्या पाख्याचा माथा. तिथून सात फूट पुढे खांब. फुटाला सात धरलं तर खांबावर पाखं चार फूट एक इंच खाली येतं, म्हणजे पाच फूट अकरा इंचांवर. मामा खांबाजवळून जाताना डोकं आपटून घेईल. फुटाला पाच धरलं तर खांबावर सात फूट एक इंच आणि दोन फूट वळचणीच्या टोकाला सव्वासहा फूट. मला हे बरं वाटलं, आणि तोच कागद काकांच्या गुण्याखाली आला.

"कौलावरून पाणी खालीच येणार," मी म्हटलं.

"पाणी येईल गो. पण पश्चिमेचा वारा त्याला परत वर ढकलतो. कौलाच्या सांध्यातून ते रीपेवर चढतं. पाचला दर वर्षी शाकारणी करून पण गळणार. पुढच्या पडवीला पाच चालेल, ती वाऱ्याच्या आड आहे."

"सहा केलं तर खांबाजवळ साडेसहाच फूट राहतात."

काका उठले, मागच्या भिंतीपाशी गेले आणि वरच्या चिऱ्यावर हात ठेवला. "एक थर चढव," ते म्हणाले. "चिरा आणि चुना-सिमेंट मिळून आठ इंच."

मी लॅपटॉप ओटीवरच उघडला. सगळ्या मधल्या भिंती दहा फूट आठ इंच. मागच्या पडवीचा चढ सहा, कुलूप चढाला. खांबावर पाखं आलं सात फूट दोन इंचांवर. आढं साडेसोळा फुटांवर गेलं, म्हणजे जुन्यापेक्षा फक्त आठ इंच वर. मामानं पडद्यात डोकावून बघितलं आणि मान हलवली. चिऱ्याचा एक थर म्हणजे खर्च वाढला, पण त्या पडवीखाली तो सकाळचा चहा घेतो.

मग काकांनी अजून एक गोष्ट सांगितली, जी मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती. पाख्याची लांबी भिंतीवरून ठरवू नये, कौलावरून ठरवावी. त्यांनी मागच्या अंगणात रचून ठेवलेल्या जुन्या कौलांतली दोन आणली, एकात एक अडकवली आणि नाकापासून नाकापर्यंत माप घेतलं. साडेबारा इंच. तेवढ्यावर रीप येणार. ती मंगलोरी कौलं होती, पालथी केली की आतून कारखान्याचा छाप दिसतो, अर्धा झिजलेला. (मंगळुरात बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना सुरू केला आणि त्या नमुन्याची कौलं किनाऱ्याकिनाऱ्यानं गलबतांतून इकडे आली. त्याआधी आमच्याकडे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, आणि गवत.) माझ्या नकाशात पडवीचा वासा दहा फूट एक इंच होता. त्याला साडेबारा इंचांनी भागलं तर नऊ ओळी होऊन दहावी अर्धी-पाऊण राहते. म्हणजे शेवटचं कौल कापायचं, आणि कापलेलं कौल वाऱ्यात पहिलं उडतं. मी दहा पूर्ण ओळी धरल्या. वासा दहा फूट पाच इंच, वळचण आडवी दोन फूट चार इंच, टोकाची उंची सहा फूट. सगळं बेसलाइन न हलवता, फक्त वळचणीचा आकडा बदलून. पुढे काम करताना काकांनी वळचणीच्या शेवटच्या दोन ओळी तारेनं रीपांना बांधल्या. वारा वळचणीखाली शिरतो आणि छप्पर खालून उचलतो, हे आंजर्ल्यात आता कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

न्हाणीघराबद्दल थोडक्यात. मामाला ते उत्तरेला वेगळं दुपाखी हवं होतं. तसं केलं की चौपाखी छपराला ते जिथे भिडतं तिथे दोन पन्हळी, म्हणजे दोन पाख्यांच्या मधल्या खोलगट रेघा, तयार होतात, आणि वर फणसाचं झाड आहे. पन्हळीत फणसाची पानं साचली की पाणी घरात. मी मागच्या पडवीचंच पाखं उत्तरेला सहा फूट लांबवलं आणि न्हाणीघर त्याखाली घेतलं. पन्हळ नाही, पाखी सहाच्या सहा.

आणि मग सगळं गेलं. न्हाणीघराची भिंत सहा इंच सरकवली आणि पडद्यावर एका क्षणात परत ती चौतीस फुटांची टोपी उभी राहिली. छप्पर आपोआप बांधायची खूण मी सुरुवातीला लावली होती, ती काढायची राहून गेली होती. ती लागलेली असताना भिंत हलली की सॉफ्टवेअर छप्पर नव्यानं बांधतं, हातानं घातलेली पाखी पुसून. मी मागे जायच्या बटणावर जाण्याआधी फाइल सेव्ह करून बंद केली होती, दुसऱ्या कामाचा फोन आला म्हणून. दोन दिवसांचं काम. त्या रात्री मला खरंच रडू आलं. पैशाचं काम नव्हतं ते. त्या घरात मी लहानपणी मे महिना काढलाय, आणि ते छप्पर दुसऱ्यांदा उडाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी वहीतल्या आकड्यांवरून सगळं परत काढलं, चार तासांत. आता माझ्या प्रत्येक फाइलीत हातानं पहिलं पाखं घालण्याआधी ती खूण काढलेली असते, आणि प्रत्येक पाख्याचा चढ, बेसलाइन आणि माथा वहीत लिहिलेला असतो.

छप्पर झालं, मग आलं माळ्याचं. पूर्वी माजघरावर फळ्यांचा माळा होता, भाताच्या कणगीचा आणि नारळांचा. वादळात तोही गेला. मामीला आता माजघराला लाकडी फॉल्स सीलिंग हवं होतं. कौलांतून धूळ पडते, उंदीर फिरतात, शिवाय तिला दम्याचा त्रास आहे. ओटीवर मात्र कौलं उघडीच हवीत, असं मामाचं म्हणणं.

सॉफ्टवेअर प्रत्येक खोलीला सपाट छत धरून चालतं. ओटीचं ते सपाट छत काढून टाकायची खूण खोलीच्या माहितीत असते. ती काढली की खोली थेट पाख्याच्या पोटापर्यंत उघडते. पण पोटाला पांढरा जिप्समचा थर दिसायला लागला, कारण छपराच्या बांधणीत तोच गृहीत धरलेला. तो काढून मी वासा, रीप, कौल एवढंच ठेवलं, आणि पडद्यावर पहिल्यांदा ते घर आमचं दिसलं.

माजघराला मी सीलिंग प्लेन घातली. ती पाख्यासारखीच काढतात, तशीच बेसलाइन, तसाच चढ, पण छपराशी बांधलेली नसते. मी तिला फुटाला चार दिले. भिंतीपाशी पाखं आणि फळ्या यांत सहा इंचांचा गाळा ठेवला. तिथून आत प्रत्येक फुटाला गाळा तीन इंचांनी वाढतो, म्हणजे आढ्याखाली तीन फूट. मधे हवा खेळायला जागा राहते, वळचणीला जाळी लावली की ती आत येते आणि कौलांच्या सांध्यांतून वर निघून जाते. तापलेल्या कौलांची धग फळ्यांपर्यंत कमी पोचते. मामीला मी सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं. तिला आवडलं. मग ती म्हणाली, "आणि माझं कौल?"

मी विसरले होते. माजघराच्या पश्चिमेच्या पाख्यात एक काचेचं कौल होतं. त्या खोलीला खिडकी नाही, आणि दिवसभरात उजेडाचा एक चौकोन जमिनीवर सरकत जायचा. सकाळी तो कोठीच्या दारापाशी असायचा, मामी तिथे पाट मांडून तांदूळ निवडायची. दुपारी मुलं त्यात हात घालून धूळ बघत बसायची. मीही बसलेली आहे. फळ्या मारल्या की तो चौकोन कायमचा गेला.

पाख्याला भोक पाडता येतं आणि सीलिंग प्लेनलाही. मी पाख्यातल्या काचेच्या कौलाखाली, बरोबर ओळंब्यात, फळ्यांत तेवढंच भोक पाडलं. आणि मग सॉफ्टवेअरातला सूर्य चालू करून बघितला. डिसेंबरच्या दुपारी भोकातून काहीच आलं नाही. आंजर्लं जवळजवळ १८ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला साधारण ४९ अंशांवर असतो. ते कौल भिंतीपासून सहा फूट आत आहे, तिथे गाळा दोन फुटांचा. दोन फूट खाली उतरेपर्यंत उन्हाची तिरीप पावणेदोन फूट उत्तरेला सरकते आणि फळ्यांच्या पाठीवर पडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, शून्य सावलीच्या दिवसांत, दुपारी ती सरळ भोकातून खाली येते. म्हणजे मामीला उजेड फक्त आंब्याच्या दिवसांत मिळाला असता.

मी फळ्यांतलं भोक उत्तरेच्या बाजूला दोन फूट लांबवलं, पूर्वेला आणि पश्चिमेलाही जरा वाढवलं, आणि कौलापासून त्या भोकापर्यंत चार तिरक्या फळ्यांचं नरसाळं काढलं, आतून पांढरं रंगवायचं. नरसाळ्याच्या चार बाजू म्हणजे पुन्हा चार लहान सीलिंग प्लेन, प्रत्येकीचा चढ वेगळा, एकीच्या कडा दुसरीला जुळवायच्या. सबंध छपराला लागला त्यापेक्षा जास्त वेळ मला त्या चार फळ्यांना लागला. काकांना कागद दाखवला तर त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, मग अंगणात फणसाच्या चार फळ्या जमिनीवर मांडून नमुना जुळवला आणि म्हणाले, "ही उत्तरेची लांब ठेवलीस ती उन्हासाठी ना? बरोबर आहे."

कौलं मेमध्ये चढली. जूनमध्ये मागच्या पडवीला एक थेंब आला नाही. आढ्याजवळ एका जागी आला, तिथलं कौल चिरलेलं होतं, काकांनी बदललं. डिसेंबरात शाळा सुटल्यावर माझ्या मुलीला घेऊन आंजर्ल्याला गेले. मामी माजघरात पाटावर बसली होती, पुढ्यात सूप. चौकोन जुन्यापेक्षा थोडा मोठा आहे आणि कडांना मऊ. तो कोठीच्या दारापासून हातभर इकडे पडतो, म्हणून तिनं पाट हातभर इकडे सरकवला आहे.